'पर्फेक्शन'ला आपला शब्द कुठला? मानपत्रासाठी हवा आहे

उद्यमनगरकर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये मी काम करतो. आमचे सर्वांत जुने टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे कारागीर, महिनाअखेरीस निवृत्त होत आहेत. सगळा शॉप त्यांना नाना म्हणतो. त्यांना मानपत्र द्यायचं ठरलंय आणि मजकूर लिहायचं काम माझ्याकडं आलंय. ऑफिसातून इंग्रजीत चार ओळी लिहून आल्या, त्यात पहिल्याच ओळीत नानांच्या कामातलं 'पर्फेक्शन' आहे. मी तिथं 'परिपूर्णता' घातलं. मोठ्यानं वाचून बघितलं तर ते नानांबद्दल आहे असं वाटेचना.

नानांचं काम कसं असतं ते थोडं सांगतो, म्हणजे शब्द सुचवणं सोपं जाईल. समजा 25 मिलिमीटरचं भोक करायचंय आणि ड्रॉइंगवर 'एच सात' लिहिलंय. म्हणजे भोक 25 पेक्षा जराही लहान चालणार नाही, आणि मोठं झालंच तर जास्तीत जास्त 21 मायक्रॉन. केसाच्या जाडीच्या निम्मंसुद्धा नाही ते. शेवटचा कट घ्यायच्या आधी नाना जॉब, म्हणजे मशीनवर लावलेला तुकडा, गार होऊ देतात. घाईतली पोरं गरम जॉबच मोजतात, माप बरोबर दिसतं, आणि गार झाल्यावर भोक आवळतं. कट झाला की नाना चिंधीनं भोक पुसतात आणि प्लग गेजचं, म्हणजे भोक तपासायच्या दांडीचं, 'गो' टोक नुसतं तोंडाशी धरून सोडतात. ते आपल्या वजनानं आत सरकतं. मग गेज उलटं करून 'नो-गो' टोक लावतात, ते तोंडाशीच अडतं, म्हणजे भोक मोठं झालेलं नाही. यावर नाना फक्त "हां, बसलं" म्हणतात आणि पुढचा जॉब लेथच्या चकात लावतात.

या कामाला मराठीत काय म्हणायचं?

शब्दवेडी

'परिपूर्ण' तुम्हाला का खटकला ते सांगते. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे हा शब्द निबंधाच्या वह्यांमध्ये रोज भेटतो.

परिपूर्णला सहसा एकट्यानं उभं राहता येत नाही, त्याला तृतीया लागते. 'गुणांनी परिपूर्ण', 'जीवनसत्त्वांनी परिपूर्ण', 'आशयाने परिपूर्ण'. पूर्ण म्हणजे भरलेलं, आणि परि म्हणजे सगळ्या बाजूंनी. कशानं तरी काठोकाठ भरलेलं असणं हा त्याचा गाभा आहे, चूक नसणं हा नव्हे. अध्यात्मात तो फार उंचीवर जातो, कारण तिथं पूर्णत्वाचीच गोष्ट असते. पण नानांचं काम भरण्याचं नाहीच, ते काढून टाकण्याचं आहे. लेथवर धातू वाढत नाही, कमीच होत जातो. नेमकं कुठं थांबायचं हे त्यांना कळतं. म्हणून तो शब्द त्यांच्या अंगाला लागेना.

'अचूक' चालेल का, असा विचार केला. अचूक हा नेमाचा शब्द आहे. नेम अचूक, निदान अचूक, अंदाज अचूक. एका क्षणी लागतो किंवा चुकतो. आयुष्यभराच्या कामाला तो अपुरा पडतो. 'बिनचूक' पाढ्यांना आणि शुद्धलेखनाला शोभतो. 'निर्दोष' कोर्टानं पळवलाय. मानपत्रात 'निर्दोष' वाचलं की लोक विचारतील, नानांवर आरोप काय होता?

पेठेतला_वाचक

मी पुण्याचा. एक प्रामाणिक प्रश्न आहे. 'परफेक्ट' हाच आता मराठी शब्द झालेला नाही का? भाजी आणणारा, गाडी दुरुस्त करणारा, केस कापणारा, सगळे तोच वापरतात. टेबल, बटण, पेन आपण स्वीकारले, मग यालाच का अडवायचं? नानांना तो नक्की समजेल.

शब्दवेडी

समजेल, आणि बोलताना मीही वापरते. त्याला अडवावं असं माझं म्हणणंच नाही. पण 'परफेक्ट' इतका सगळीकडं चालतो की त्यातून काम करणारा दिसत नाही. चहा परफेक्ट, शर्ट परफेक्ट, वेळ परफेक्ट, जोडी परफेक्ट. मराठीत चहा 'जमतो', शर्ट 'बसतो', वेळ 'साधते', जोडी 'शोभते'. चार वेगळ्या गोष्टी चार वेगळ्या तऱ्हांनी चांगल्या होतात, हे भाषेनं टिपून ठेवलंय. एका शब्दानं ते सगळं सपाट होतं, एवढीच माझी तक्रार.

इचलकरंजीचा_माग

'तंतोतंत' कुणी कसं सुचवलं नाही? हा आमच्या धंद्यातला शब्द. तंतू तंतूशी जुळला म्हणजे तंतोतंत. मागावर ताण्याचा एक धागा तुटला आणि लक्षात आलं नाही तर कापडावर तेवढीच उभी रेघ शेवटपर्यंत उतरते. दुकानदार कापड उजेडात धरतो आणि पहिल्यांदा तीच बघतो.

शब्दवेडी

शब्द सुंदर आहे, पण त्याला दोन वस्तू लागतात. नक्कल मुळाशी तंतोतंत जुळते, वर्णन माणसाशी तंतोतंत जुळतं. एकटं कुणी तंतोतंत नसतं. 'हुबेहूब'चंही तेच. अर्थात नानांचा जॉब ड्रॉइंगशी जुळतो, त्या अर्थानं एका वाक्यात तंतोतंत बसेल. मथळ्याला पुरणार नाही.

रंकाळ्यावरचा

अहो कोल्हापुरात बसून एवढी शोधाशोध! आपला नादखुळा हाय की! 'नानांचं काम म्हंजे नादखुळा.' विषय संपला. त्याच्यावर कडी पाहिजे असेल तर 'जगात भारी'. आख्खा महाराष्ट्र आपल्याकडनं हे शब्द उचलतोय.

चप्पल_लाईन

नादखुळा मलापण जीव की प्राण. पण तो बघणाऱ्याचा शब्द आहे भावा, करणाऱ्याचा नव्हे. बघणारा खुळा झाला, असं त्यात आहे. फटाक्याची आतषबाजी नादखुळा असते, मिरवणुकीतली हलगी नादखुळा असते. ज्यानं चप्पल शिवली तो स्वतःच्या चपलेला नादखुळा म्हणत नाही.

आमच्यात काय म्हणतात सांगतो. कोल्हापुरी चप्पल नवी असताना चावते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं लागतं. बाभळीची साल आणि हिरडा यांत पकवलेलं कातडं असतं ते. घट्ट असतं. तेल पाजायचं, थोडी थोडी घालायची, पाणी लावायचं नाही. हळूहळू टाचेचा आणि अंगठ्याचा खळगा तळाला पडतो आणि मग चप्पल 'पायात बसली' म्हणतात. उजवी उजव्या पायाची होते, डावी डाव्या पायाची. म्हणजे आमचं काम दुकानात पुरं होतच नाही, ते घालणाऱ्याच्या पायात पुरं होतं. चांगल्या चपलेची कारागिरी एवढीच, की तिला बसायला जागा ठेवलेली असते. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. तेव्हापासून बाहेरगावचे लोक दुकानात येऊन 'परफेक्ट फिटिंग' मागतात. पहिल्या दिवशी परफेक्ट फिटिंग देणारी चप्पल महिन्याभरात सैल पडते, हे त्यांना पटवताना तोंड दुखतं.

तालमीतला

'बसलं' हा शब्द नानांनी स्वतःच दिलाय आणि तुम्ही दुसरा शोधताय, याचं मला नवल वाटतं.

तालमीत पण तोच. डाव 'बसला'. ढाक असो, एकलंगी असो, घिस्सा असो. वस्ताद पोराकडनं एकच डाव सकाळ-संध्याकाळ घोटून घेतात. पोरगं सगळं बरोबर करतं, पाय बरोबर, पकड बरोबर, तरी वस्ताद मान हलवतात. मग एखाद्या दिवशी समोरच्याचं वजन आपोआप पाठीवर येतं आणि तो हवेतनं मातीत जातो. वस्ताद म्हणतात, "आता बसला." तोवरचं सगळं बरोबर होतं, पण बसलेलं नव्हतं. हा फरक ज्यानं माती खाल्ली त्यालाच कळतो.

आणि दुसरा शब्द निकाली. शाहू महाराजांनी 1912 साली खासबाग मैदान बांधलं तेव्हापासून तिथल्या लोकांना आवडते ती निकाली कुस्ती. दोन्ही खांदे मातीला लागले, चितपट, विषय कट. गुणांवर लावलेल्या कुस्तीला टाळ्या पडतात, पण माणसं घरी जाताना तिच्यावर बोलत नाहीत. बरोबरीत सोडवली तर त्याहून नाही.

शब्दवेडी

तालमीतले दादा, तुम्ही मला हवा असलेला मुद्दा हातात दिलात.

मराठीत ही गोष्ट बहुतेक वेळा क्रियापदात राहते. सूर लागतो. डाव बसतो. पाक येतो. लोणचं मुरतं. रंग चढतो. मूर्ती उतरते. बेत जमतो. हात बसतो. ही सगळी वाक्यं पाहा, यांत कर्ता माणूस नाही. 'मी सूर लावला' म्हणता येतं, पण मैफल संपल्यावर आपण 'आज सूर लागला होता' म्हणतो. माणसानं सगळी मेहनत करायची आणि मग ती गोष्ट स्वतःहून घडायची. मेहनतीचं श्रेय माणसाचं, घडण्याचं मात्र सुराचं, पाकाचं, डावाचं. अल्लादियाँ खाँसाहेब ज्या गावात राहिले, गायले, शिष्य तयार केले, त्या गावाला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून आपल्याकडं विशेषण कमी पडतं. आपण वस्तूला 'आहे' म्हणत नाही, 'झालं' म्हणतो.

महाद्वार_रोड

किरणोत्सवाच्या बातम्या आठवल्या. अंबाबाईची मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि मग 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. शेकडो वर्षांपूर्वी ज्यांनी ही दिशा आणि ही उंची धरली त्यांच्या हातात ना थिओडोलाइट होता ना संगणक.

शब्दाबद्दल सांगायचं तर, किरणं मुखापर्यंत पोचली की पेपरात छापून येतं, 'किरणोत्सव पूर्ण क्षमतेने झाला'. हे मला दरवर्षी खटकतं. क्षमता कारखान्याची असते, धरणाची असते. गाभाऱ्यापाशी उभी असलेली बाया-माणसं मात्र एवढंच म्हणतात, "पोचली!" ढग आले, धूळ असली, मधल्या एखाद्या बांधकामाचा अडथळा आला तर "न्हाई पोचली आज." इथंही क्रियापदच, ताई.

गुजरीतला

आमचं दुकान गुजरीत, पिढीजात सोन्याचं. इतका वेळ वाचत होतो. ज्या शब्दावर आमचा धंदा उभा आहे तो अजून कुणी काढला नाही: चोख.

चोख म्हणजे भेसळ नसलेलं. चोख सोनं म्हणजे शुद्ध सोनं, चोख चांदी म्हणजे शुद्ध चांदी. हुपरीच्या चांदीवाल्यांकडं आणि आमच्याकडं किती टक्के चोख आहे त्याला 'टंच' म्हणतात. टंच काढायची जुनी रीत अजून आमच्या दुकानात आहे. काळ्या कसोटीवर दागिना घासायचा, पिवळी रेघ उमटते. तिच्या शेजारी माहितीतल्या कसाच्या सळईची रेघ ओढायची. दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडायचा आणि बघायचं, कुठली रेघ किती टिकते. बावनकशी म्हणतात ते याच कसावरनं आलंय. आता यंत्रं आली आहेत, 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झालाय, तरी नवीन पोराला आम्ही आधी दगडावरची रेघ वाचायला शिकवतो.

पण एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. चोख सोन्याचा दागिना होत नाही. ते इतकं मऊ असतं की वाकतं, झिजतं, खडा धरत नाही. म्हणून त्यात तांबं, चांदी घालावी लागते. बावीस कॅरेट म्हणजे हजारात 916 भाग सोनं, बाकी मिलावट. आपला कोल्हापुरी साज घ्या, 21 पानांचा. दशावतार, अष्टमंगल, सगळी पानं नाजूक. चोख सोन्यात ती ठोकली तर महिनाभर आकार धरणार नाहीत.

मग आमच्या धंद्यात चोख काय राहतं? व्यवहार. कस किती आहे तो खरा सांगायचा. दागिन्यात लाख भरली असेल तर तिचं वजन सोन्याच्या भावानं लावायचं नाही, वजा करायचं. मोडीला आला तर जो कस सांगून विकला त्याच कसानं परत घ्यायचा. सोनं 916 असलं तरी व्यवहार चोख असू शकतो, आणि सोनं चोख असून व्यवहार खोटा असू शकतो. माझे आजोबा गिऱ्हाइकाला पावती देताना एवढंच म्हणायचे, "चोख आहे." ते सोन्याबद्दल नसायचं.

उद्यमनगरकर

दादा, हे वाचून अंगावर काटा आला. कारण नानांबद्दलची एक गोष्ट मी वर लिहिली नव्हती.

नानांचा जॉब बिघडत नाही असं नाही. टूल टिप तुटते, कास्टिंगमध्ये पोकळी निघते, कधी हातून एक मायक्रॉन जास्त जातो. बिघडला की नाना कुणी बघायच्या आत त्याला स्वतः लाल रंग लावतात, रिजेक्शनच्या ट्रेमध्ये ठेवतात आणि रजिस्टरमध्ये स्वतःच्या अक्षरात कारण लिहितात. 'टूल' असेल तर टूल, 'कास्टिंग' असेल तर कास्टिंग, आणि स्वतःकडून गेला असेल तर 'माझा हात'. बाकीचे शिफ्ट संपताना गठ्ठ्यात सरकवून देतात. त्यामुळं नानांच्या सहीचा लॉट पुढं कुणी परत मोजत नाही.

याला 'पर्फेक्शन' म्हणणं मला चुकीचं वाटत होतं, पण का ते सांगता येत नव्हतं.

शब्दवेडी

मग तुमचा शब्द सापडला.

चोखचं मूळ संस्कृत 'चोक्ष', म्हणजे स्वच्छ, शुद्ध. प्राकृतात 'चोक्ख', आणि तिथून आपल्याकडं 'चोख'. आधी पदार्थाची शुद्धता, मग व्यवहाराची, मग कामाची. चोख हिशेब, चोख उत्तर, काम चोख बजावणं. लिंग-वचनानं तो बदलत नाही, हेही त्याचं वैशिष्ट्य. चोख काम, चोख वागणूक, चोख हिशेब. क्रियाविशेषणासारखाही चालतो: 'चोख केलं'.

परिपूर्ण विचारतं, काही कमी आहे का? चोख विचारतं, काही मिसळलंय का? हे प्रश्न वेगळे आहेत.

रंकाळ्यावरचा

ताई, राग मानू नका, पण 'चोख' म्हटलं की मला पहिल्यांदा 'चोख पोलीस बंदोबस्त' आठवतो. गणपती विसर्जनाची बातमी. मानपत्रात ते येईल का?

शब्दवेडी

बंदोबस्तानं शब्द झिजवलाय हे खरं, पण तिथंही अर्थ तोच आहे: कुठं फट नाही. आणि वापर कसा करतो त्यावर आहे. 'चोख कामगिरी बजावली' लिहिलंत तर बातमी होईल. 'नानांचं काम चोख' असं आखूड लिहा, शब्द लख्ख दिसेल.

शिरोळचा_ऊस

माझं पण थोडं ऐका. आमचं गुऱ्हाळ हाय. चोख म्हंजे काय ते गुळात जसं कळतंय तसं कुठं कळत न्हाई.

काहिलीत रस उकळाय लागला की रानभेंडीचा चिकट रस घालतात. त्यानं मळी वर येत्या, ती काढायची. पुन्हा येत्या, पुन्हा काढायची. मळी राहिली तर गूळ चोख न्हाई. मग रस आटतोय, बुडबुडे बदलतात, आधी मोठे, फसफसते, मग बारीक आणि जड. काकवी साधारण 105 अंशाला उतरवतात, ढेपंचा गूळ 118 च्या आसपास. पण आमचा गुळव्या थर्मामीटर लावत न्हाई. थाटलीत गार पाणी घेतो, त्यात पाकाचा थेंब सोडतो आणि बोटांनी गोळी वळतो. विरघळली तर अजून थांबा. चिकटली तर थांबा. टणक झाली आणि थाटलीवर आपटल्यावर टण्ण वाजली की ओरडतो, "जाळ वढा!" दोन मिनिटं मागं-पुढं झालं तर आख्खी काहील गेली. लवकर उतरवला तर ढेप बसत न्हाई, उशीर झाला तर करपट. गुळव्या त्याला परफेक्ट म्हणत न्हाई. "पाक आला" म्हणतो.

आता दुखणं सांगतो. कोल्हापुरी गुळाला 2014 साली मानांकन मिळालं. तरीपण बाजारात रव्याचा, म्हंजे ढेपंचा, भाव रंगावर ठरतोय. पिवळाधमक, केशरी दिसला की भाव चढतोय. मग काही जण हायड्रोस पावडर टाकतात, गूळ सोन्यासारखा दिसतोय, आणि साठवला की काळा पडतोय. ज्यानं काही घातलं न्हाई त्याचा गूळ तांबूस-चॉकलेटी, कणीदार, खायला अमृत, आणि भाव कमी. दिसायला परफेक्ट ते चोख न्हाई, आणि चोख हाय ते परफेक्ट दिसत न्हाई. गिऱ्हाईक रंगाला भुलतंय.

वारीतला

शिरोळकर, तुम्ही ज्याला दुखणं म्हणता ते मंगळवेढ्याच्या चोखोबांनी कधीच सांगून ठेवलंय, आणि तेही उसाचाच दाखला देऊन:

ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥

डोंगा म्हणजे वाकडा. ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो. याच अभंगात पुढं ते स्वतःलाही तेच लावतात: 'चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा'. ज्यांना देवळाच्या आत येऊ दिलं नाही, 1338 साली मंगळवेढ्याच्या वेशीचं काम करताना जे ढिगाऱ्याखाली गेले, त्यांचं नावच चोखा. नाव ठेवणाऱ्याच्या मनात शुद्ध, निर्मळ हाच अर्थ असणार. बाहेरचं जग ज्याला डोंगा म्हणत होतं तो माणूस स्वतःला डोंगा म्हणवून घेतो आणि भावाबद्दल एक पाऊल मागं सरत नाही. नितळपणा आत असतो, बाहेरच्या आकाराशी त्याचा संबंध नाही, हे इतक्या थेट मराठीत क्वचितच कुणी सांगितलंय.

नानांचा लाल रंग लावलेला जॉब मला याच रांगेतला वाटतो.

पेठेतला_वाचक

या धाग्यावर माझं मत बदललं असं म्हणणार नाही, बोलण्यात परफेक्ट राहणारच. पण लिहिताना मी आता आधी क्रियापद शोधेन. उद्यमनगरकर, मसुदा टाका की इथं.

उद्यमनगरकर

हा मसुदा. अजून कच्चा आहे.

'ती. नाना, आपल्या हातचा जॉब बसतो, हे उद्यमनगरात सगळ्यांना ठाऊक आहे. नव्या मुलांना आपण आधी मोजायला शिकवलंत, मग कापायला. बिघडलेला जॉब आपण कधी लपवला नाहीत, म्हणून आपल्या सहीचा लॉट पुन्हा कुणी मोजला नाही. आपलं काम अगदी चोख. आपल्या कार्यातील परिपूर्णतेचा आदर्श आम्हां सर्वांना सदैव प्रेरणादायी ठरेल.'

शब्दवेडी

शेवटचं वाक्य काढा. आधीच्या चार वाक्यांत नाना दिसतात, त्या वाक्यात कुणीच दिसत नाही. आणि 'अगदी चोख'मधला 'अगदी' काढा. चोखला वर काही लावावं लागत नाही, सोनं एक तर चोख असतं किंवा नसतं.

गुजरीतला

'अगदी' काढाच. आमच्यात कुणी 'अगदी चोख' म्हणाला तर आम्ही दागिना परत कसोटीवर घेतो.

तालमीतला

'जॉब बसतो' पहिल्याच ओळीत आहे हे लई बरं केलं. ऑफिसवाल्यांनी बदला म्हटलं तर बदलू नका. नानांना त्यांचा शब्द परत मिळाला पाहिजे.

उद्यमनगरकर

दोन्ही दुरुस्त्या केल्या. शेवटचं वाक्य गेलं, मजकूर 'आपलं काम चोख.' इथं संपतो. ऑफिसातून 'एवढंच?' अशी विचारणा आली होती. मी रजिस्टरची पानं नेऊन दाखवली, 'माझा हात' लिहिलेली. मजकूर मंजूर झाला. सगळ्यांचे मनापासून आभार.

चप्पल_लाईन

धागा संपायच्या आत एक शंका. पोरं आंबा चोखतात, त्या 'चोखणे'चा या चोखशी काय संबंध? आणि चोखंदळ गिऱ्हाईक म्हणतो ते कुठलं?

शब्दवेडी

आंबा चोखण्याचा संबंध नाही. तो 'चूष्'वरून, चूषण ज्यातून आलं तो धातू. दिसायला सारखे, घराणी वेगळी.

चोखंदळ मात्र याच घरातला. चोख काय ते ओळखणारा, निवडून घेणारा. 'चोखाळणे'ही याचाच, मुळात स्वच्छ करणं, शुद्ध करणं. आता लोक 'वेगळी वाट चोखाळली' म्हणजे वेगळी वाट धरली एवढ्याच अर्थानं वापरतात. वापर रुळलाय, त्याला चूक म्हणणार नाही. पण जुना अर्थ ठाऊक असला तर तो वाक्प्रचार जास्त चांगला वापरता येतो: वाट नुसती धरायची नाही, काटेकुटे काढून मागच्यांसाठी मोकळी करायची.

गुजरीतला

आमच्या गल्लीतले गुजराती व्यापारी आजही स्वच्छ, शुद्ध याला 'चोख्खुं' म्हणतात. चोख्खुं घी म्हणजे शुद्ध तूप. रोज कानावर पडतं, पण तो आणि आपला चोख एकाच मुळाचे हे आज इथं वाचून लक्षात आलं. उद्या दुकानात सांगतो.